जुलाबाची अमावास्या

संपादकांचा माणूस माझ्याकडे आला तो कापसाच्या तेजीच्या गोष्टी गोळा करायला. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. कोणी बैलांच्या शिंगांवर चांदी चढवली, कोणी लेकीच्या लग्नात अत्तराचे सडे घातले, तेही लिहून झालं आहे. तुम्ही तर तेव्हा अकोल्यात ऐन बाजारात होतात, तुम्ही काय पाहिलंत, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, बाबा, मी लोकांचं बद्धकोष्ठ पाहिलं. तो हसला आणि कागद गुंडाळू लागला. मी त्याला खाली बसवलं. दिवाळीचा अंक फराळाच्या ताटाशेजारीच वाचला जातो, आणि चार दिवस चकल्या-अनारसे हाणल्यावर माणसाला कापसाच्या भावापेक्षा माझ्या विषयाची गरज जास्त असते.

मी पसारी. म्हणजे हिरडा, सुंठ, ओवा, सोनामुखी, एरंडेल, बाळंतिणीचा काढा आणि म्हशीच्या पोटफुगीचं औषध, हे सगळं एकाच फळीवर ठेवून विकणारा माणूस. आमचं घर मूळ हिवरखेडचं, माळ्याचं. बाप वांगी-मिरच्या पिकवायचा. मी मोटेवर न जाता खलबत्त्यावर बसलो याचं त्याला शेवटपर्यंत वाईट वाटलं. पुढे मी अमरावतीत दुकान थाटलं आणि तिथेच म्हातारा झालो. पण धंदा शिकलो अकोल्याला, मोर्णा नदीच्या अलीकडच्या पसारगल्लीत. ज्यांच्याकडून शिकलो त्या गिरजाबाई माझ्या समोरच्या दुकानात बसत आणि आमचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

गिरजाबाई विधवा. नवऱ्यामागे दुकान त्यांनी स्वतः चालवलं. तेव्हाच्या काळात बाईमाणसाने बाजारात गादीवर बसावं हे पुष्कळांना खुपलं. पण त्यांची जीभ अशी होती की खुपणारे लांबूनच जात. अंगाने बारीक, आवाज मात्र बैल हाकणाऱ्या गड्यासारखा. माझा ओवा मागच्या सालचा आहे असं त्या गिऱ्हाइकांना सांगत. मीही काही कमी नव्हतो. समोर फुकट फक्त प्रश्न मिळतात, औषध मिळायची खात्री नाही, असं मी सांगत असे. आमच्या दोघांच्याही बोलण्यात थोडंफार खरं होतं, म्हणून ते दोघांनाही झोंबत होतं.

त्यांचे प्रश्न गल्लीत प्रसिद्ध होते. कोणी जुलाबाचं औषध मागायला आलं की त्या आधी बसवून घेत. कोणाला पाहिजे? वय काय? पोट कधीपासून साफ नाही? दुखतं का? ताप आहे का? उलटी झाली का? वारा सरतो का? बाई असेल तर दिवस गेलेत का? लोक वैतागत. सोनामुखीच्या पुडीसाठी ही काय फौजदारी, म्हणत. पण मी पुढे चाळीस वर्षं औषधं विकली आणि या प्रश्नांत मला एकही कमी करता आला नाही. सगळ्यांसाठी सांगून ठेवतो. पोट नुसतं जड आहे, भूक मंद आहे, खडा धरला आहे, तर औषध घ्यायला हरकत नाही. पण पोटात कळा येत असतील, उलट्या होत असतील, ताप असेल, पोट नगाऱ्यासारखं फुगलं असेल आणि वाराही सरत नसेल, तर ते साधं बद्धकोष्ठ नव्हे. तिथे जुलाब देणं म्हणजे बंद दाराला मागून लाथा घालणं. दार उघडत नाही, घर मात्र हादरतं.

औषधांच्याही जाती असतात. इसबगोल गरीब, तो नुसता फुगतो आणि मऊ करतो, पण त्याच्यावर भरपूर पाणी प्यावं लागतं. कोरडा गिळला तर घशातच बसतो. हिरडा समजूतदार. एरंडेल चवीला वाईट पण कामाला सरळ. रात्री सुंठीच्या काढ्यात घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघू नये. सोनामुखी मुरडा आणते, म्हणून तिच्यासोबत बडीशेप. ती पाण्यासारखे जुलाब लावत असेल तर थांबावं आणि पेज-पाणी घ्यावं. आणि जमालगोटा हा तर विषाचाच भाऊ. त्याचं बी दुधात शिजवून शुद्ध करतात, तरीही तो हातात घेताना पसाऱ्याने देवाचं नाव घ्यावं. यांतलं काहीही रोज घेऊ नये. अमरावतीत माझ्याकडे एक पेन्शनीत निघालेले गृहस्थ येत. त्यांनी इतकी वर्षं रोज सोनामुखी घेतली होती की त्यांचं आतडं काम विसरून गेलं होतं. पुडीशिवाय हालतच नसे. त्यांना पुन्हा भाजी-पाण्यावर आणायला मला जो त्रास झाला तो चुकार बैलाला गाडीला जुंपण्याइतका होता, आणि शिव्या बैलाने दिल्या.

तेजीच्या दिवसांत मात्र आमच्या धंद्याला ऊत आला होता. सगळ्या बाजाराचं पोट बिघडलेलं. दलाल पाहा. कापसाचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघे जण रुमालाखाली हात घालून बोटं दाबत आणि भाव ठरवत, बाजूच्याला पत्ता नाही. एक दलाल सकाळी गादीवर बसला की दिवेलागणीपर्यंत उठत नसे, कारण तो उठला की त्याचा रुमाल दुसरा उचलणार. उठावं लागू नये म्हणून पाणीच पीत नसे. मग आठवड्याने माझ्याकडे येऊन एकदम जोराचं काहीतरी दे म्हणायचा. मी द्यायचो. एकदा तो चुकून समोर गेला. गिरजाबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, आतून तांब्या आणला आणि म्हणाल्या, हे पी. त्याने विचारलं, यात काय टाकलंय? त्या म्हणाल्या, मोर्णेचं पाणी. तो तांब्या संपेपर्यंत त्यांनी त्याला हलू दिलं नाही आणि रोज सकाळी असाच एक पिऊन मग गादीवर जायला सांगितलं. माझं एक बांधलेलं गिऱ्हाईक त्यांनी पाण्यावर पळवलं. मी दोन दिवस चरफडत होतो.

पण खरी गिऱ्हाइकी दाबावरची. सरकी काढलेली रुई मुंबईला पाठवायची तर ती दाबून गाठी बांधाव्या लागतात. वाफेचे दाब तेव्हा आमच्याकडे आले नव्हते. मोठा लाकडी पेच असायचा, त्याला आडवे दांडे लावलेले, आणि माणसं छातीने, खांद्याने ते दांडे रेटत गोल फिरत. वरची फळी खाली येई आणि रुई चेपत जाई. शेवटचे दोन फेरे असे अवघड की माणसांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या दिसत. पहिल्या दांड्यावर मुकादम. तो हाळी देणार, बाकीचे जोर लावणार. आमच्या बाजूच्या दाबावर दौलत नावाचा मुकादम होता, बार्शीटाकळीकडचा, असा दणकट की तो दांड्याला लागला की दोन माणसं कमी लागतात असं ठेकेदार सांगे. बोलायला गरीब, हसरा. माझ्या पायरीवर बसून ओवा चघळायचा.

या दाबावर एक समजूत होती, आणि ती मी दुसरीकडे कुठेही ऐकली नाही. दिवसभर हवेत रुईचं तूस उडतं, ते नाकातोंडातून पोटात जातं आणि आत साठून त्याची गाठ बांधली जाते, जशी आपण बाहेर बांधतो तशीच. ती गाठ वेळच्या वेळी फोडून काढली पाहिजे. म्हणून अमावास्येला, ज्या दिवशी गाडीवान बैल जुंपत नाहीत आणि कापूस येत नाही म्हणून दाब बंद असतो, त्या दिवशी सगळी टोळी एकदम जुलाब घ्यायची. तिला जुलाबाची अमावास्या म्हणत. सकाळी माझ्या दुकानातून सोनामुखीच्या काढ्याची घागर जायची, आणि मग नदीकडच्या बाभळीत दिवसभर जत्रा. ज्याचा कोठा सगळ्यांत शेवटी सुटेल त्याची गाठ सगळ्यांत पक्की, म्हणजे तो गडी सगळ्यांत जोराचा, असंही ठरलेलं होतं. दौलत दर वेळी शेवटचा यायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता.

खरं कारण गिरजाबाई उघड सांगत. सकाळपासून ज्वारीची कोरडी भाकर आणि ठेचा, उन्हात घाम, आणि दांडा सोडून पाण्याला गेलं तर ठेकेदार ओरडतो. आतडं सुकणार नाही तर काय. त्या टोळीला त्या म्हणायच्या, तूस थुंकून टाका, अंबाडीची भाजी खा, पाण्याची घागर दाबाशेजारी ठेवून घ्या, आणि सकाळी शांतपणे बसा. निरोगी माणसानं जुलाब घ्यायचा कशाला? टोळी हसायची. पाणी पिऊन कोणाची गाठ फुटते का?

ज्या अमावास्येनंतर ती प्रथा मोडली आणि घागर पुन्हा कधी गेली नाही, तिची गोष्ट आता सांगतो.

त्या अमावास्येला घागर गेली, सगळ्यांचे कोठे झाले, दौलतचा झाला नाही. संध्याकाळपर्यंत टोळीने त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्याने आपला आपण आणखी काढा घेतला. तरी काही नाही. तो दांड्यावर आला नाही तेव्हा लोक थट्टा करत होते की या वेळी मुंबईचीच गाठ बांधली गड्याने. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाजार ऐन भरात असताना, त्याचा धाकटा भाऊ किसन धावत गल्लीत आला. गल्लीच्या तोंडाशी पहिलं दुकान गिरजाबाईंचं, म्हणून आधी तिथे शिरला. मी समोरून पाहत होतो. प्रश्न सुरू झाले. तो हातवारे करत होता, त्या मान हलवत होत्या. शेवटी तो तिथून निघून तरातरा माझ्याकडे आला. समोरून परत आलेलं गिऱ्हाईक म्हटल्यावर मला बरंच वाटलं, हे लपवत नाही.

त्याला जमालगोटा हवा होता. बुढी देत नाही, म्हणाला. सोनामुखीने दौलतची गाठ हलत नाही, पोट फुगून वर आलंय, कळा येऊन राहिल्यात, तेव्हा सगळ्यांत जोराचं जे असेल ते दे. मी बरणी काढली. झाकण उघडलं तोच गिरजाबाई रस्ता ओलांडून आल्या, माझ्या पायरीवर चढल्या आणि बरणीच्या तोंडावर हात ठेवला. त्या माझ्या दुकानात पाय ठेवतील असं गल्लीत कोणाला वाटलं नसतं. मलाही नाही.

“रामभाऊ, हे नोको देऊ. त्याले काल रातीपासून उलट्या होऊन राहिल्या.”

माझं डोकंच फिरलं. माझ्या गादीवर येऊन माझ्या बरणीवर हात! मी म्हटलं, तुम्ही तुमचं दुकान सांभाळा. किसन तर रडकुंडीला आला होता. “तुमचं भांडण मंग करा, व माय,” तो म्हणाला. “तिकडं माहा भाऊ मरून राहिला.”

“तो मरू नाई म्हणूनच आली मी,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणला. “तूच विचार त्याले. वारा सरला का म्हणून विचार.”

मी विचारलं. किसन म्हणाला, काल सकाळपासून काहीच नाही, ना वारा ना काही. आणि उलटी हिरवी येते. मी कितीही अहंकारी असलो तरी पसारी होतो. मी झाकण लावलं आणि बरणी मागे सारली. गिरजाबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात जिंकल्याचा मागमूसही नव्हता.

किसनने आम्हा दोघांनाही शिव्या घातल्या आणि पुढच्या दुकानाकडे पळाला. गल्लीत पसारी पुष्कळ. कोणीतरी देणारच. गिरजाबाई त्याच्या मागे निघाल्या. मला म्हणाल्या, तू त्या बाजूने जा. आणि मी गेलो. विचार करायलाही थांबलो नाही. एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने मी, प्रत्येक पसाऱ्याला एकच सांगत सुटलो की दौलत मुकादमासाठी जुलाब मागायला येतील, देऊ नका, आतड्याला अडथळा आहे. आमची जात भांडखोर. एकमेकांचं तोंड पाहत नाहीत असे कितीतरी होते. पण गिरजाबाई आणि रामभाऊ एकच गोष्ट सांगतायत म्हटल्यावर लोक चाट पडले, आणि मला वाटतं निम्म्यांनी तेवढ्यासाठीच ऐकलं. त्या दुपारी अकोल्याच्या पसारगल्लीत कोणी किसनला जमालगोट्याचं एक बी विकलं नाही. ठेकेदाराचा माणूस येऊन ओरडून गेला, पुढे घागर तुमच्याकडून घेणार नाही म्हणाला. तरीही नाही. मी पुढे खूप बाजार पाहिले, पण एवढ्या दुकानदारांनी मिळून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलेलं पुन्हा पाहिलं नाही.

नकार दिला म्हणजे काम झालं असं गिरजाबाईंना वाटत नव्हतं. त्या तडक दौलतच्या झोपडीकडे निघाल्या, मी मागोमाग. टोळी दारात बसलेली. आम्हाला पाहून दोघे-तिघे उठले आणि वाट अडवून उभे राहिले. तुम्हीच औषध बंद केलं ना, म्हणाले. त्या थांबल्या नाहीत. त्या एवढ्याशा बाईला धक्का द्यायची हिंमत त्या पहिलवानांपैकी एकालाही झाली नाही, आणि आम्ही आत गेलो.

दौलत कुशीवर गुडघे दुमडून पडला होता. चेहरा राखेसारखा, ओठ सुकलेले. गिरजाबाईंनी किसनला आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. मला राहू दिलं. त्याच्याजवळ बसून त्यांनी सरळ विचारलं, जांघेत गाठ आहे का. तो नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं. त्याने तोंड फिरवलं. एका परक्या बाईने पुरुषाला असं विचारावं हे मलाही ऐकवेना. मी भिंतीकडे पाहू लागलो. पण त्याने एक हात पंच्यावर दाबून धरला होता, तो मलाही दिसत होता.

मग त्या जे बोलल्या ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकतो.

“दौलत, माया घरच्या माणसालेबी होती. पोते उचलून झाली. त्यानं लाजेपायी मलेबी नाई सांगतलं. पोट साफ नाई म्हणून एवढंच म्हणला, अन् मी त्याले माया हातानं जुलाब देल्ला. दुसऱ्या दिवशी गेला. आता तू सांग. तुले लाज पायजे का जीव पायजे?”

त्याने पंच्यावरचा हात काढला. मग रडू लागला. हळूहळू सगळं सांगितलं. जांघेत गाठ आली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. दांडा रेटला की बाहेर यायची, आडवा झाला की आत जायची. त्याने त्यावर पट्टी करकचून बांधायची सवय लावली होती आणि कोणाला कळू दिलं नव्हतं. अंतर्गळ झालेल्या माणसाला पहिल्या दांड्यावर कोण ठेवणार? अमावास्येच्या आदल्या दिवशी शेवटचा फेरा देताना ती बाहेर आली ती परत गेलीच नाही. कडक झाली, हात लावू देईना. जुलाबाने पोट मोकळं झालं की आत जाईल असं त्याला वाटलं.

बाहेर टोळीला सांगितलं तेव्हा सगळे सुन्न झाले. शेवटच्याला जोराचा म्हणत आपण कशाची पाठ थोपटत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. आता मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. दाबासमोर उभी असलेली एक गाडी घेतली, तिच्यात मोकळी रुई होती, त्यावर दौलतला उताणा ठेवला, कंबरेखाली आणखी रुई घातली आणि बैल न जुंपता स्वतः जू खांद्यावर घेऊन सरकारी दवाखान्यापर्यंत ओढत नेली, हिसका बसू नये म्हणून.

दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादेकडचे, वयस्कर, दखनी बोलणारे. गिरजाबाईंना ते ओळखत, कारण त्या आपल्याकडचे अवघड रोगी त्यांच्याकडे धाडत आणि ते साधे रोगी हिरड्यासाठी त्यांच्याकडे. डॉक्टरांनी आधी विचारलं, जुलाब दिला का? दोनदा सोनामुखी झाली, त्यानंतर काही नाही, हे कळल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला. आणखी जोराचा पडला असता, म्हणाले, तर आतडं त्या अडकल्या जागी फाटलं असतं आणि मग माझ्या हातात काही राहिलं नसतं. त्यांनी दौलतला उतरता निजवला, डोकं खाली, पाय वर. कसलंसं औषध हुंगवून त्याला झोपवलं. गरम पाण्याच्या घड्या घातल्या आणि मग दोन्ही हातांनी ती गाठ हळूहळू दाबायला बसले. मी दारातून पाहत होतो. मी आयुष्यभर माणसं जोर लावताना पाहिली, पण जोर आवरून धरलेला असा पाहिला नाही. घाम त्यांच्या दाढीतून टपकत होता आणि बोटं लोण्यावर ठेवावी तशी हलकी. एकदम गुडगुड असा आवाज आला आणि गाठ आत गेली.

आम्हाला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाले, नाही. आत गेलेलं आतडं जिवंत आहे की मेलं आहे ते अजून कळायचं आहे. ते वळवळलं, वारा पुढे सरला, तर माणूस वाचला. नाहीतर उद्या-परवाकडे आपल्या हाती काही नाही. तोपर्यंत अन्न नाही, पाण्याचा घोट नाही, फक्त ओठ ओले करायचे. टोळीतला एक जण म्हणाला, आता वाट मोकळी झालीय तर थोडं एरंडेल तरी द्या, लवकर सुटेल. डॉक्टरांनी गिरजाबाईंकडे पाहिलं. गिरजाबाईच त्या माणसाला म्हणाल्या की रपाटे खाऊन पडलेल्या बैलाला उठताक्षणी पुन्हा रपाटे मारायचे नसतात. त्याला पडू द्यायचं, त्याचा तो उठेल.

मग वाट पाहणं सुरू झालं. दवाखान्याच्या ओसरीखाली सगळी टोळी उकिडवी बसली. आयुष्यात रेटण्यापलीकडे काही केलं नव्हतं अशी माणसं, त्यांना आता काहीच रेटायचं नव्हतं. गल्लीतले पसारी एकेक करून आले. मघाशी शिव्या देणारा ठेकेदाराचा माणूसही आला आणि कडेला उभा राहिला. एवढे दाढीमिशांचे पुरुष एका माणसाच्या पोटातला वारा सरावा म्हणून हात जोडून बसले होते आणि कोणाला हसू येत नव्हतं. गिरजाबाई तेवढ्या उभ्या. खांबाला टेकल्याही नाहीत. मी दोनदा बसा म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

उन्हं कलली तेव्हा किसन दारात आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. एवढ्या लोकांसमोर, त्यातून एका वडीलधाऱ्या बाईसमोर, हे कसं सांगावं त्याला कळेना. तो गिरजाबाईंकडे पाहत म्हणाला, “माय, सरला.” मग आणखी खाली मान घालून, “दोनदा सरला.”

टोळीने जी आरोळी ठोकली ती शेवटचा फेरा पुरा झाल्यावर ठोकतात तशीच होती, डॉक्टर आतून गप्प बसा म्हणून ओरडेपर्यंत. माणसं हसत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. दोघे-तिघे गिरजाबाईंच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, पण तिथे पाय नव्हते. त्या मटकन खाली बसल्या होत्या. पदर तोंडात कोंबून रडत होत्या, आणि ते रडणं काही केल्या थांबेना. टोळी गोंधळून मागे सरली.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, काकू, आज तुम्ही मोठं काम केलं. मी त्यांना काकू म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा.

त्यांनी डोळे पुसले नाहीत. समोर बसलेल्या गल्लीतल्या सगळ्या पसाऱ्यांकडे त्या पाहत होत्या.

“त्या वक्ती माया हात धराले कोणी नाई आलं रे, रामभाऊ,” त्या म्हणाल्या.

आम्ही तसेच ओसरीवर बसून राहिलो, आतून दौलतने पाणी मागेपर्यंत.